पिकअपला लिफ्ट किट बसवायचंय? आधी टेप हातात घ्या

लिफ्ट किट म्हणजे गाडी उंच करणाऱ्या सुट्या भागांचा संच. तो घ्यायला निघालेला माणूस पहिला प्रश्न विचारतो तो 'किती इंच?' हा. खरं तर तो शेवटचा प्रश्न. आधी टायर कोणता बसवणार आणि हौद्यात एरवी किती वजन असतं, एवढं ठरवा. इंच त्यातूनच निघतात.

एक गैरसमज आधी काढून टाकू. सस्पेन्शन उचललं की चेसिस वर जाते, पण अखंड एक्सलच्या (दोन्ही चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याच्या) मधोमध लोंबणारा डिफरन्शियलचा, म्हणजे चाकांना ताकद वाटून देणाऱ्या गिअरांचा, गोळा होता तिथेच राहतो, आणि वाटेतला दगड बहुधा त्यालाच लागतो. गोळा वर न्यायचा तर टायरच मोठा हवा, आणि त्याचाही फायदा निम्माच: टायरचा व्यास २ इंचांनी वाढला तर गोळा १ इंच वर. लिफ्टचं मोठं काम म्हणजे त्या टायरला जागा करून देणं. (बॉडी लिफ्ट हा आणखी वेगळा प्रकार. त्यात फक्त बॉडी चेसिसपासून वर उचलतात, सस्पेन्शनला हातही लागत नाही.)

आता टेप. गाडी सपाट जागेवर, टायरमध्ये नेहमीएवढी हवा, हौद्यात नेहमीचं सामान. चाकाच्या केंद्रापासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत चारही चाकांची मापं घ्या आणि लिहून ठेवा. जमिनीपासून मोजलंत तर टायरची झीजही मापात शिरते. मग तेच हौदा रिकामा करून मोजा. बहुतेक पिकअपचं ढुंगण रिकामेपणी थोडं वर असतं. वजन पडल्यावर गाडी समतल व्हावी म्हणून ती सोय असते. नुसतं पुढचं नाक उचलणारं लेव्हलिंग किट रिकाम्या गाडीवर झकास दिसतं, पण सामान भरलं की नाक वर, शेपूट खाली आणि हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत.

यानंतर गाडीखाली वाका आणि पुढे काय आहे ते बघा. स्वतंत्र सस्पेन्शन (प्रत्येक चाक आपापलं वर-खाली होणारं) असेल तर २ ते अडीच इंचांवर हाव आवरलेली बरी. स्वस्त किटमध्ये स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या जोडीच्या) डोक्यावर बसवायची नुसती चकती मिळते. स्ट्रट चाक धरणाऱ्या आर्मच्या मध्यावर कुठेतरी टेकलेला असल्यामुळे चाकापाशी लिफ्ट चकतीच्या जाडीपेक्षा जास्त मिळते, पण चाक लोंबकळलं की बॉल जॉइंट (आर्मच्या टोकाचा फिरता सांधा) आणि सीव्ही जॉइंट (चाकाला ताकद देणाऱ्या शाफ्टचा वाकणारा सांधा) नको तितके वाकतात. त्याची खूण सांगतो: सीव्हीच्या रबरी बुटाच्या घड्या एकमेकींवर घासून चिरतात आणि रिमच्या आतल्या बाजूला काळ्या ग्रीसचे शिंतोडे उडतात. ते दिसले की जॉइंटचे दिवस भरत आले समजा. म्हणून अडीच इंचांच्या आसपास जायचं तर स्प्रिंग-शॉकअप नवे आणि वरचे आर्म बदललेले असं किट बघा. ४ किंवा ६ इंच हवेच असतील तर डिफरन्शियल खाली उतरवणारे ब्रॅकेट आणि नवे नकल (चाक ज्यावर बसतं ते भाग) असलेलं पूर्ण किट लागतं. खर्च आणि मजुरी दोन्ही वेगळ्याच पातळीवर जातात.

पुढे अखंड एक्सल असेल तर कॅस्टर (स्टिअरिंगच्या अक्षाचा मागे-पुढे कल) सुधारण्याची आणि ट्रॅक बार (एक्सलला आडवं सरकू न देणारा दांडा) जुळवण्याची सोय किटमध्ये आहे का ते विचारा. नसेल तर स्टिअरिंग भटकतं.

मागे पाटे, म्हणजे स्टीलच्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. पाटे आणि एक्सल यांच्या मध्ये ब्लॉक (ठोकळा) ठेवून उंची वाढवणं सगळ्यात स्वस्त, पण जोरात वेग घेताना एक्सल पिळवटतो. एकावर एक ब्लॉक रचू नका आणि पुढच्या एक्सलखाली तर ब्लॉक मुळीच नको. जादा एक पाटा टाकला तर गाडी कडक होते. सतत ओझं असेल त्याला ते चालतं. माझं मत विचाराल तर वजनाप्रमाणे निवडलेला पाट्यांचा नवा संचच घ्यावा.

पैसे देण्याआधी खोका उघडून बघा: नव्या उंचीला पुरणारे शॉकअप, लांब ब्रेक होज किंवा ते खाली आणणारे ब्रॅकेट, बंप स्टॉप (सस्पेन्शन पूर्ण दबलं की धक्का झेलणारे रबर), पाटे एक्सलला आवळणारे नवे यू-बोल्ट. यू-बोल्ट जुनेच चालतील असं म्हणून मी एकदा वाचवायला गेलो. दोनेकशे किलोमीटरवर मागून 'टक्' असा आवाज यायला लागला. चार नट अर्धा-अर्धा फेरा सैल. तो आवाज अजून विसरलो नाही.

नोंदणी आणि विमा यांचे नियमही आधीच विचारून घ्या.

बसवल्यावर अलाइनमेंट आणि हेडलाइटचा झोत लगेच जुळवून घ्या. काचेवर कॅमेरा असेल तर त्याचंही कॅलिब्रेशन लागू शकतं. टायर ३१ वरून ३३ इंचांचे केले असतील तर काटा ८० दाखवेल तेव्हा गाडी ८५ ने पळत असेल. वेग धरल्यावर तळातून थरथर आली तर प्रोपेलर शाफ्टचा (गिअरबॉक्सकडून एक्सलकडे ताकद नेणाऱ्या दांड्याचा) कोन तपासायला सांगा. ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट टॉर्क रेंचने पुन्हा आवळा आणि त्याच चार जागी पुन्हा टेप लावा. नव्या स्प्रिंगा थोड्या बसतात. चारही माप सारखंच उतरलं असेल तर ठीक, एकच कोपरा खाली गेला असेल तर गाडी परत जॅकवर.