थिवीला उतरायचे असेल तर गजर कसा लावावा

रात्री मुंबईहून निघालेला म्हापशाचा माणूस बर्थवर आडवा होण्यापूर्वी मोबाइलमधील घड्याळाचा गजर लावतो आणि निश्चिंत होतो. पण घड्याळाला गाडीचा उशीर कळत नाही. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी असल्याने गाडी क्रॉसिंगसाठी कुठल्यातरी लहान स्थानकावर किती वेळ उभी राहील याचा नेम नसतो, आणि पावसाळ्यात मुसळधार सर आली की वेग ताशी ४० किलोमीटरपर्यंत उतरवावा लागतो. मी एकदा म्हापशाजवळच्या थिवी स्थानकासाठी पहाटे पाचचा गजर लावला होता. तो वाजला तेव्हा गाडी कुडाळलाच होती. गजर बंद करून पाच मिनिटे डोळे मिटले, ते उघडले जुवारीच्या पुलावर, चाकांचा आवाज बदलला म्हणून. थिवीच काय, त्यापुढचे करमळी स्थानकही मागे पडले होते. मडगावला उतरून गोव्याच्या कदंब बसने पणजी आणि तिथून दुसऱ्या बसने म्हापसा असा उलटा प्रवास घडला.

म्हणून गजर वेळेचा न लावता जागेचा लावावा. त्यासाठीच्या अ‍ॅपचे दोन प्रकार आहेत आणि त्यांतला फरक समजून घेतल्याशिवाय पुढे जाऊ नये. पहिल्या प्रकारात आपण नकाशावर खूण करतो, तिच्याभोवती ठराविक त्रिज्येचे वर्तुळ आखतो, आणि जीपीएसनुसार फोन त्या वर्तुळात शिरला की गजर वाजतो. दुसरा प्रकार खास रेल्वेसाठी बनवलेल्या अ‍ॅपचा आहे. २०१८ मध्ये गुगलने ज्याची मूळ कंपनी विकत घेतली ते ‘व्हेअर इज माय ट्रेन’ हे त्याचे सर्वांना ठाऊक असलेले उदाहरण होय. ते मोबाइल टॉवरवरूनही गाडीचे ठिकाण ओळखू शकते, त्यामुळे इंटरनेट नसतानाही चालते. त्यात गाडी निवडून आपल्या स्थानकाचा गजर लावता येतो. कोकणातल्या प्रवासात मी दुसऱ्या प्रकाराला झुकते माप देतो, कारण एसी डब्याच्या पत्र्यातून आणि काचेतून जीपीएसचा संकेत क्षीण होतो, आणि बोगद्यात तर तो मिळतच नाही. मात्र टॉवरवर विसंबणार असाल तर फोन एअरप्लेन मोडवर ठेवून चालणार नाही.

वर्तुळाचे अ‍ॅप वापरणाऱ्याने त्रिज्येचा हिशेब नीट करावा. स्थानकाभोवती एक किलोमीटरची त्रिज्या ठेवली, तर ताशी १०० किलोमीटर वेगाने जाणारी, न थांबणारी गाडी ते दोन किलोमीटरचे वर्तुळ ७२ सेकंदांत ओलांडते. बॅटरी वाचवण्यासाठी फोन दोन-तीन मिनिटांनी एकदाच आपले ठिकाण तपासत असेल, तर वर्तुळ कधी आले आणि कधी गेले हे त्याच्या गावीही नसते. याशिवाय अ‍ॅप अंतर सरळ रेषेत मोजते, रूळ मात्र वळणे घेत जातो. ताशी ६० किलोमीटर वेगाला मिनिटाला एक किलोमीटर, हे प्रमाण ध्यानात ठेवावे. चादर आवरून, बर्थखालची बॅग ओढून, चपला शोधून दारापर्यंत पोहोचायला मला दहा मिनिटे तरी लागतात. म्हणून मी १२ किलोमीटरची त्रिज्या ठेवतो. वेग ४० वर उतरला तर तेवढ्याच अंतराला १८ मिनिटे मिळतात, आणि त्यात नुकसान काहीच नाही.

याहून सोपी युक्ती म्हणजे खूण आपल्या स्थानकावर न करता आधीच्या स्थानकावर करणे. मुंबईहून येताना थिवीसाठी पेडण्यावर, करमळीसाठी थिवीवर. पेडण्याच्या बाबतीत एक पथ्य आहे: मडुरे सोडल्यावर सुमारे दीड किलोमीटरचा पेडणे बोगदा लागतो आणि त्यातून बाहेर पडल्यावर जीपीएसला सावरायला थोडा अवधी हवा असतो, म्हणून पेडण्याला उतरणाऱ्यांनी खूण मडुऱ्यावरच करावी. मडगावला जाणाऱ्याने आधी आपली गाडी कुठे संपते ते पाहावे. ती मडगावलाच संपत असेल तर गजराची गरजच नाही. ती पुढे जाणारी असेल तर कारवार दिसण्याची शक्यता आहे.

आता सर्वांत महत्त्वाचे. गजर वाजला नाही, तर बहुतेक वेळा कारण एकच असते: आपल्याआधी फोन अ‍ॅपला झोपवतो. अ‍ॅपला लोकेशनची परवानगी ‘फक्त वापरत असताना’ अशी न देता ‘नेहमी’ अशी द्यावी. बॅटरीच्या सेटिंगमध्ये त्या अ‍ॅपसाठी ‘अनरिस्ट्रिक्टेड’ हा पर्याय निवडावा, काही फोनांत ‘ऑटोस्टार्ट’ वेगळे चालू करावे लागते तेही करावे, आणि बॅटरी सेव्हर बंद ठेवावा. अ‍ॅप गजराच्या आवाजाने वाजते की मीडियाच्या, हे तपासून तोच आवाज वाढवावा. गाणी ऐकताना मीडियाचा आवाज कमी करून झोपणारे इथेच फसतात. फोन चार्जिंगला लावून दूर ठेवू नये. तो कंपनावर ठेवून शर्टाच्या खिशात असला तर समोरच्या बर्थवरच्या आजोबांची झोपही मोडत नाही.

आरक्षित तिकीट असेल तर जोडीला रेल्वेच्या १३९ या चौकशी क्रमांकावर फोन करून पीएनआर सांगून स्थानक येण्यापूर्वीची सूचना मागता येते. मी दोन्ही ठेवतो.

नवे अ‍ॅप पहिल्यांदाच रात्रीच्या गाडीत वापरू नये. गोव्यातल्या वास्को–कुळे गाडीत दिवसा, जागेपणी, सावर्डे किंवा चांदर निवडून ते वाजते का पाहावे. वाजल्याच्या क्षणी खिडकीबाहेर कोणते स्थानक आहे आणि उतरायला किती मिनिटे उरली आहेत ते मोजून घ्यावे, आणि त्यानुसार त्रिज्या कमी-जास्त करावी.