स्पॅनिशमध्ये 'त्याला' म्हणताना 'लो' की 'ले'?

मराठीतला 'त्याला' दोन वेगळी कामं करतो. 'मी त्याला पाहिलं' आणि 'मी त्याला चादर दिली' या दोन वाक्यांत आपल्याला काही फरक जाणवत नाही, पण स्पॅनिशमध्ये पहिल्याला 'लो' लागतो आणि दुसऱ्याला 'ले': 'लो बी', पण 'ले दी उना मांता'. पाहिलं तर तो स्वतःच पाहण्याचा विषय. चादर दिली तर दिली ती चादर, तो फक्त घेणारा. या घेणाऱ्याचं सर्वनाम म्हणजे अप्रत्यक्ष कर्माचं सर्वनाम.

सोलापुरात हा फरक समजवायला पुस्तक उघडायची गरज नसते. घरी कन्नड बोलणारे 'अवनन्नु नोडिदे' आणि 'अवनिगे कोट्टे' असं म्हणतात. पूर्व भागातले तेलुगू भाषक 'वाण्णि चूशानु' आणि 'वाडिकि इच्चानु' म्हणतात. 'अन्नु' किंवा 'नि' आलं तर 'लो', 'गे' किंवा 'कि' आलं तर 'ले', असं धरून चाललं तरी बहुतेक वाक्यं बरोबर येतात. सगळी मात्र नाही. तेलुगूत 'वाण्णि अडिगानु' म्हणतात, पण स्पॅनिशमध्ये 'त्याला विचारलं' हे 'ले प्रेगुंते' असंच होतं.

घरी फक्त मराठी असेल तर क्रियापदाला 'काय?' विचारा. काय दिलं? चादर. काय सांगितलं? निरोप. 'काय'चं उत्तर वेगळी वस्तू किंवा गोष्ट असेल, तर 'ला' लागलेला माणूस 'ले'. सांगणं, विचारणं, शिकवणं यांत ही गोष्ट बोलून दाखवलेली नसली तरी मनात असते, म्हणून 'त्याला सांग' हे 'दीले'. याउलट 'त्याला बोलाव' म्हणजे 'यामालो', 'त्याला बघ' म्हणजे 'मीरालो'. 'पेगार', म्हणजे मारणं, या कसोटीला दाद देत नाही. तिथे 'ले पेगो' म्हणतात, कारण मुळात 'फटका दिला' असा अर्थ आहे. हे एक पाठच करावं.

रूपं सहाच आहेत. मला 'मे', तुला 'ते', आम्हाला आणि आपल्याला दोन्हींसाठी 'नोस', त्याला-तिला 'ले', अनेकांना 'लेस'. 'तुम्हा सगळ्यांना' यासाठी स्पेनमध्ये ओळखीच्या माणसांत 'ओस' वापरतात. लॅटिन अमेरिकेत तिथेही 'लेस'च. स्त्री-पुरुष भेद 'ले'ला नाही. 'तिला दिलं' म्हणून 'ला दी' म्हणू नका. स्पॅनिशमधला 'ला' म्हणजे 'तिला पाहिलं'मधला तिला, आपल्या मराठी प्रत्ययाशी त्याचा काही संबंध नाही. माद्रिदकडे 'ला दी' कानावर पडतं, पण प्रमाण भाषेत ते चूक धरतात. तिकडेच पुरुषाबद्दल 'ले बी' असंही ऐकू येतं. एका पुरुषापुरतं ते मान्य आहे, तरी शिकताना 'लो बी'वरच राहावं.

आदरार्थी बहुवचनाची चूक मात्र खास आपली. 'सरांना सांगितलं' म्हणताना सर एकच असतात, म्हणून 'ले दीखे', 'लेस' नाही. मोठ्या माणसाला 'तुम्हाला' म्हणायचं तर तेही एकवचनी 'ले'. माणसं मोजायची, मान नाही.

जागेचा नियम कडक आहे. काळ-पुरुषाप्रमाणे चाललेल्या क्रियापदाच्या लगेच आधी सर्वनाम येतं आणि 'नो', म्हणजे 'नाही', त्याच्याही आधी: 'नो ले दोय', म्हणजे मी त्याला देत नाही. मूळ रूप ('देणं'), 'आंदो-येंदो'चं रूप ('देत') आणि होकारी आज्ञा ('दे') यांना ते मागून चिकटतं: 'दार्ले', 'दांदोले', 'दाले'. आज्ञा नकारी झाली की पुन्हा पुढे: 'नो ले देस'. दोन क्रियापदं असतील, जसं 'मी त्याला देणार आहे', तर 'ले बोय आ दार' किंवा 'बोय आ दार्ले', दोन्ही बरोबर. मध्येच घुसवलेलं 'बोय ले आ दार' चूक. 'दिलं आहे' यासाठी 'ले ए दादो'. 'दादो'ला काही चिकटवू नका. लिहिताना मूळ रूपाला एक सर्वनाम लागलं तर स्वरावर खूण नको, दोन लागली तर हवी. 'दांदोले'सारख्या रूपाला एकातही हवी. 'दीमे'ला (मला सांग) नको, 'दीमेलो'ला (मला ते सांग) हवी.

दोन सर्वनामं एकत्र आली की माणूस आधी, वस्तू नंतर: 'मे ला दास', म्हणजे तू मला ती देतोस. चादर 'मांता' स्त्रीलिंगी, म्हणून 'ला'. 'ले' किंवा 'लेस'च्या पुढे 'लो, ला, लोस, लास' आलं की 'ले'चं 'से' होतं. 'ले ला दोय' असं स्पॅनिशमध्ये कुणी म्हणत नाही, 'से ला दोय' म्हणतात. पण 'से'वरून कोणाला ते कळत नाही, म्हणून गरज पडल्यास शेवटी 'आ एया' (तिला), 'आ एल' (त्याला) किंवा 'आ उस्तेद' (आदराने तुम्हाला) जोडा.

ही जोड इतरत्रही लागते, आणि मराठी माणसाला ती फालतू वाटते. 'ले दोय ला मांता आ लुसिया' या वाक्यात लुसिया दोनदा आली, तरी ते सहज आणि रोजचं आहे. 'आ लुसिया' वाक्याच्या सुरुवातीला गेलं तर 'ले' सक्तीचा. 'आ एया', 'आ मी' (मला) अशी सर्वनामं असतील तरीही 'ले', 'मे' सक्तीचे. नुसतं 'आ मी गुस्ता' चालत नाही, 'आ मी मे गुस्ता' म्हणायचं. क्रियापदच नसलेल्या उत्तरात मात्र 'आ मी ताम्बिएन', म्हणजे 'मलाही', एवढं पुरे.

'आवडणं' आपल्याला जवळजवळ फुकट मिळतं. 'मला भाकरी आवडते' हे 'मे गुस्ता ला भाकरी', आणि 'भाकऱ्या आवडतात' हे 'मे गुस्तान लास भाकरीस'. क्रियापद भाकरीप्रमाणे चालतं, खाणाऱ्याप्रमाणे नाही. इंग्रजीतून स्पॅनिश शिकणारे इथे अडखळतात, आपण अडखळायचं कारण नाही. फक्त इंग्रजीमार्गे जाऊ नका.

तोच भरवसा पुढे दगा देतो. मराठीत 'मला' आलं म्हणून स्पॅनिशमध्ये 'मे' येईलच असं नाही. मला भूक लागली म्हणजे 'तेंगो आंब्रे', मला ताप आहे म्हणजे 'तेंगो फिएब्रे', मला पाहिजे म्हणजे 'किएरो', मला मराठी येतं म्हणजे 'आब्लो मराती'. या सगळ्यांत करणारा 'मी' आहे. उलट मराठीत 'माझं डोकं दुखतं' तिथे स्पॅनिशमध्ये 'मे दुएले ला काबेसा'. 'माझं' नाही, 'मला'. पाय दोन असतील तर 'मे दुएलेन लोस पिएस'.

खरेदीच्या वाक्यांत जपून. 'ले कोंप्रे उना मांता आ ख्वान' याचा अर्थ ख्वानसाठी घेतली असाही होतो आणि ख्वानकडून घेतली असाही. नवी पेठेतल्या दुकानाबद्दल बोलत असाल तर 'एन ला तिएंदा दे ख्वान', म्हणजे ख्वानच्या दुकानात, म्हणा. भेट द्यायला घेतली असेल तर 'ले' काढून 'पारा ख्वान', म्हणजे ख्वानसाठी, म्हणा. दोन्ही अर्थ मोकळे होतात.

सरावाला 'दार' (देणं), 'देसीर' (सांगणं), 'प्रेगुंतार' (विचारणं), 'एन्सेन्यार' (शिकवणं) आणि 'मांदार' (पाठवणं) ही पाच क्रियापदं घ्या. प्रत्येकाला सहाही सर्वनामं लावली की तीस वाक्यं होतात. ती आधी साधी, मग 'नो' घालून, मग वस्तूच्या जागी 'लो' किंवा 'ला' घालून म्हणा. तिसऱ्या फेरीत 'से' आपोआप जिभेवर बसतो. नियम घोकून तो बसत नाही, कारण बोलताना विचार करायला वेळच नसतो.

हे जमलं की 'से मे' घ्या. 'माझ्या हातून ग्लास पडला' हे 'से मे कायो एल बासो', आणि 'मी किल्ल्या विसरलो' हे 'से मे ओल्बिदारोन लास याबेस'. किल्ल्या अनेक, म्हणून क्रियापदही अनेकवचनी. विसरणारा एकटा असला तरी तो 'मे'मध्येच राहतो.