कानाला बरं वाटलं म्हणून लिहू नका : वुहानच्या अकरावीत इंग्रजी शिकवताना

पन्नासपैकी साडेसदतीस. वुहानमधल्या एका सरकारी शाळेच्या शिक्षक-खोलीत बसून मी सोडवलेल्या पहिल्या वाचन-आकलनाचे हे माझे गुण. पुण्यातून इंग्रजीत एम.ए. केलेली, वर चिनी शिष्यवृत्ती मिळवून अध्यापनशास्त्र शिकायला आलेली मी, आणि अकरावीच्या पोरांच्या पेपरात पाच प्रश्न चुकलेले. माझ्या मार्गदर्शक बाईंनी माझं उत्तरांचं कार्ड तपासलं, लाल पेन टोपणात घातलं आणि म्हणाल्या, "तुमचं इंग्रजी चांगलं आहे. उत्तरं चूक आहेत."

ते वाक्य पचायला मला दीड महिना लागला. तुम्ही छात्राध्यापक म्हणून तिकडच्या शाळेत जाणार असाल, तर तुमचा तो दीड महिना वाचावा म्हणून लिहितेय. मी 2024 च्या वसंत सत्रात होते, फेब्रुवारी ते जून.

पेपरचा साचा तुम्हाला माहीत असेलच, तरी एकदा नजरेखालून घाला. वुहानच्या प्रांतात, म्हणजे हूबेईत, 'काओखाओ' या विद्यापीठ-प्रवेश परीक्षेला जो राष्ट्रीय पहिला पेपर चालतो तो 150 गुणांचा, 120 मिनिटांचा. श्रवण 30. चार उतारे, 15 प्रश्न, प्रत्येकी अडीच गुण. मग 'छी श्वेन वू', म्हणजे सात वाक्यांतून पाच उचलून उताऱ्यातल्या रिकाम्या जागी बसवायची, तीही अडीच-अडीचची. पर्याय असलेल्या 15 गाळलेल्या जागा, व्याकरणाच्या 10 जागा दीड-दीड गुणांच्या, 15 गुणांचं छोटं लेखन आणि 25 गुणांचं अर्धवट गोष्ट पुढे नेण्याचं लेखन. गोष्टीच्या लेखनाबद्दल मी काही सांगणार नाही. मला ते शिकवायला दिलंच नाही, आणि बरं झालं.

आता माझा खड्डा. दहा जागांच्या त्या व्याकरण-प्रश्नात. गुण फक्त 15, पण मी तिथे पडले आणि पडताना अख्खा वर्ग घेऊन पडले.

वाक्य होतं साधं : 'द ओल्ड मॅन, डॅश बाय द लेक, वॉज फीडिंग द डक्स.' क्रियापद दिलेलं 'सिट'. मी क्षणात 'सिटिंग' लिहिलं. बरोबरच आहे. एका मुलीनं विचारलं, का? मी म्हटलं, क्रिया चालू आहे ना, म्हणून 'इंग'. पोरांनी माना डोलावल्या, वहीत टिपून घेतलं. तिकडची पोरं तुम्ही बोलाल ते टिपून घेतात हो, हीच तर भीती.

पुढच्या आठवड्याच्या चाचणीत आलं : 'द ब्रिज डॅश इन 1957 स्टिल कॅरीज ट्रेन्स अक्रॉस द यांगत्से.' क्रियापद 'कम्प्लीट'. पूल त्यांच्या गावचाच, यांगत्सेवरचा पहिला मोठा पूल. रोज त्यावरून बस जाते, खालून रेल्वे धडधडते. अर्ध्याहून जास्त वर्गानं एक तर 'वॉज कम्प्लीटेड' लिहिलं, नाही तर 'कम्प्लीटिंग'. 'वॉज' लिहिणारे त्यांच्या जुन्या सवयीनं चुकले. 'इंग' लिहिणारे माझ्यामुळे. त्या मुलीनं वही उघडून दाखवली : क्रिया चालू असेल तर इंग; पूल आजही चालू आहे, म्हणून इंग. तिचा तर्क माझ्या वाक्यापेक्षा जास्त सुसंगत होता.

हे असं का होतं ते नीट समजून घ्या. मी इथे जरा पाल्हाळ लावणार आहे.

चिनी क्रियापदाला रूपं नाहीत. 'था थांग त्साय छ्वांग शांग खान शू.' शब्दाला शब्द ठेवला तर 'तो पड खाटेवर वाच पुस्तक'. दोन क्रियापदं शेजारी शेजारी उभी, कुणालाच प्रत्यय नाही, दोघांत 'आणि' नाही, आणि चिनी कानाला त्यात काहीही खटकत नाही. आपण काय म्हणतो? 'खाटेवर पडून वाचतोय.' पहिल्या क्रियापदाला 'ऊन' लावून खाली बसवतो आणि दुसऱ्याला वाक्य चालवू देतो. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, हे मराठी माणसाला शाळेत न जाताही येतं. इंग्रजीतही तेच. म्हणून आपला कान इंग्रजीत बऱ्यापैकी चालतो आणि म्हणूनच आपण वाईट शिक्षक होतो. आपल्याला कधी थांबून मोजावं लागलेलं नसतं.

बाई मोजायला लावायच्या. फळ्यावर वाक्य, आणि दोनच प्रश्न : वाक्य चालवणारी क्रियापदं किती? सांधे किती? सांधे म्हणजे 'अँड', 'बट', 'व्हेन', 'विच' वगैरे. सांधा एक असेल तर चालवणारी क्रियापदं दोन. सांधा नसेल तर एकच. पुलाच्या वाक्यात सांधा नाही आणि 'कॅरीज' आधीच गादीवर बसलेलं आहे. मग रिकाम्या जागेत 'वॉज' घुसूच शकत नाही. तिथे येणार तो बिनगादीचा प्रकार, ज्याला ते 'फेइ वेइयू' म्हणतात. एवढं ठरलं की मगच तिसरा प्रश्न : शेजारचं नाम ते काम करतंय, की त्याच्यावर ते होतंय? म्हातारा बसतो, तो कर्ता, 'सिटिंग'. पूल बांधून पूर्ण केला जातो, 'कम्प्लीटेड'. आणि हेतू सांगायचा असेल, आपलं 'करायला' किंवा 'करण्यासाठी', तर 'टू'. चालू क्रिया आणि संपलेली क्रिया हा हिशेब आत्ता काढायचाच नाही.

इथे मराठी माणसासाठी आत आणखी एक खड्डा आहे. वर्गात मला चमकून वाटलं, अरे, आपल्याकडे 'लेला' आहे की! 'पूर्ण केलेला पूल', 'कम्प्लीटेड'. चपखल. मग 'तळ्याकाठी बसलेला म्हातारा'? तिथेही 'लेला', पण इंग्रजीत 'सिटिंग'. बसणं होऊन गेलं आणि आता बसल्या अवस्थेत आहे, असं मराठी बघते. इंग्रजी तसं बघत नाही. तेव्हा मनातल्या मनात मराठी करून उत्तर तपासायची सवय असेल तर ती विमानतळावरच सोडा. मी दहावीपर्यंत मराठी माध्यमात होते, 'डू ॲज डायरेक्टेड'मध्ये 'रिमूव्ह टू' ('अति' अर्थाचं 'टू') डोळे मिटून करायचे. ते सगळं साच्यात ओतणं होतं. वाक्यातलं कोण गादीवर बसलंय हे मला कुणी कधी विचारलं नव्हतं.

घाबरू नका. हा हिशेब हाताला लागला की दहा-बारा दिवसांत बसतो. पण तुम्ही आधी शिकायचा, मग वर्गात जायचं. उलट केलंत तर माझ्यासारखी पन्नासेक वह्यांत एक ओळ खोडायला लावायची वेळ येईल. मी लावली. एकानंही तक्रार केली नाही, शांतपणे पट्टी ठेवून खोडलं, आणि ते जास्त लागलं.

वाचनाकडे येते. तिथेही रोग तोच, फक्त अवयव दुसरा. माझे चुकलेले पाचपैकी तीन 'छी श्वेन वू'तले होते, दोन शेवटच्या उताऱ्यातले. शेवटचा उतारा बहुधा शास्त्रीय माहितीचा किंवा विचारप्रधान असतो. पहिला जाहिरात किंवा माहितीपत्रकासारखा, तो फुकटचा समजा. माझ्या त्या उताऱ्यात शहरातल्या गच्च्यांवर मधमाश्या पाळण्याबद्दल होतं. मजकूर सांगत होता की पोळी जवळून बघून आल्यावर काही रहिवाशांची भीती कमी झाली. मी निवडलेला पर्याय : रहिवाशांनी या उपक्रमाला पाठिंबा दिला. जगात असंच होतं ना? भीती गेली की पाठिंबा येतो. पण कागदावर ना 'सगळे' होते, ना 'पाठिंबा'.

तिकडे चुकीच्या पर्यायांना जातवार नावं आहेत, चार-चार अक्षरांची, आणि पोरं ती क्रिकेटच्या फटक्यांसारखी बोलतात. थोड्यांवरून सगळ्यांना रंगवणं. शून्यातून काढणं. कल्पना गुपचूप बदलणं. आणि माझं लाडकं, चांगची टोपी लीच्या डोक्यावर. म्हणजे उताऱ्यात हे बोलला एक शास्त्रज्ञ, पर्यायात ते दुसऱ्याच्या तोंडी. आपली 'ह्याची टोपी त्याच्या डोक्यावर' थेट तिथे भेटल्यावर मी वर्गात मोठ्यानं हसले आणि मग समजावून सांगावं लागलं.

बाईंचा नियम असा : प्रत्येक उत्तरासमोर ओळ क्रमांक. ज्या उत्तराला ओळ नाही ते बरोबर आलं तरी चुकांच्या वहीत जाणार. मला हा नियम सुरुवातीला अघोरी वाटला. बरोबर उत्तराला शिक्षा! आज वाटतं, एवढा एक नियम नेला तरी तुमचं सत्र निघेल. 'छी श्वेन वू'ला तर तो दुप्पट लागू. तिथे आधीच्या वाक्याकडे बोट दाखवायचं आणि नंतरच्याही. 'दे' आलं असेल तर अनेकवचनी नाम कुठे आहे ते दाखवा. मी तिथे 'परिच्छेद छान वाहतोय' म्हणून वाक्यं बसवली होती.

क्लृप्त्यांबद्दल माझं मत कडवट आहे. 'तीन आखूड एक लांब, लांब निवड. तीन लांब एक आखूड, आखूड निवड. वेडीवाकडी असतील तर सी' अशी एक म्हण तिथल्या प्रत्येक पोराला पाठ असते. ती गंमत म्हणून ऐका. काहीजण खरंच तसं कार्ड रंगवतात आणि मग वर्गशिक्षकांच्या टेबलाजवळ उभे दिसतात. पण सगळ्याच म्हणी टाकाऊ नाहीत. 'मुख्यात भविष्य, गौणात वर्तमान' ही चार अक्षरी म्हण 'इफ' आणि 'व्हेन'च्या वाक्यांना लख्ख लागू पडते, कारण तिच्यामागे नियम आहे. शब्दयाद्यांचं तर विचारूच नका. साडेतीन हजार शब्द वर्णानुक्रमे पाठ करायला बसायचं, पहिल्या पानावर 'अबँडन', दोन दिवसांनी सुटतं, पुन्हा पहिल्यापासून. पहिले पाढे पंचावन्न. सगळ्या चीनला 'अबँडन' येतो असा विनोद तीच पोरं करतात. शब्द चुकलेल्या उताऱ्यातूनच उचलावेत, मी यावर कुणाशीही वाद घालीन.

मार्गदर्शक निवडायची संधी मिळाली तर 'व्वा, काय उच्चार आहेत तुमचे' म्हणणाऱ्यांपासून लांब राहा. ते तुम्हाला शुक्रवारच्या गाणी-खेळांच्या तासाला उभं करतील, फोटो काढतील आणि सत्र संपेल. तपासलेलं कार्ड तुमच्या पुढ्यात टाकणारी व्यक्ती शोधा.

किरकोळ, पण मला नडलेलं : फळ्यावर जोडून लिहू नका. माझं अक्षर शाळेत बक्षीसपात्र होतं. तिकडे पहिल्या बाकापासून 'लाओशी, दिसत नाही' सुरू झालं (लाओशी म्हणजे शिक्षक). दिसत होतं, वाचता येत नव्हतं. ती पोरं छापल्यासारखी गोल, सुटी अक्षरं काढतात. हेबेई प्रांतातल्या हंगश्वेइच्या नावानं ती वळणं ओळखली जातात, आणि तपासनिसाला बरं वाटावं म्हणून घोटली जातात. मी रात्रीच्या स्वाध्यायाच्या तासाला, वर्गावर लक्ष ठेवता ठेवता, एका मुलाकडून 'ए' आणि 'जी' गिरवायला शिकले.

आणि हे स्पष्ट सांगते : विद्यार्थी व्हिसावर पैसे घेऊन शिकवणी घेऊ नका. पालक विचारतील, तुमच्या आधी आलेला कुणीतरी 'सगळेच करतात' म्हणेल. परवानगीशिवाय केलेलं काम बेकायदा आहे. दंडापासून परत पाठवण्यापर्यंत काहीही होऊ शकतं. आपल्या पासपोर्टवर ही चैन परवडत नाही. रुजू व्हायच्या आधी शाळेतला तुमचा सराव विद्यापीठाकडून कागदावर नोंदवून घ्या.

एवढं ऐकून जायचंच नाही असं ठरवू नका. मार्चमध्ये मी वसतिगृहाच्या जिन्यात बसून रडले होते. एप्रिलअखेर त्याच मुलीनं फळ्यावर येऊन वाक्याखाली दोन रेघा मारल्या, सांधा शोधला, नाही सापडला, आणि माझ्याकडे न बघता 'कम्प्लीटेड' लिहून जागेवर गेली.

पहिल्या दिवशी एक करा. वर्गाचे मागच्या तीन मासिक चाचण्यांचे पेपर मागून घ्या. एक पेपर फोन बंद करून, घड्याळ लावून, टूबी पेन्सिलीनं कार्ड रंगवत स्वतः सोडवा. ज्या उत्तराचं कारण सांगता येत नाही, नुसतं कानाला बरं वाटलं म्हणून लिहिलंय, त्याच्यासमोर बारीक टिंब द्या. उत्तर बरोबर असो की चूक. श्रवण आणि लेखन सोडलं तर पेपरात 45 जागा असतात. माझ्या कार्डावर 21 टिंबं होती.