ऑनलाइन सर्वेक्षण करताय? फॉर्मला थोडं बोलू द्या

प्रबंधासाठी पहिल्यांदाच ऑनलाइन सर्वेक्षण करणाऱ्यांना मी एक गोष्ट आवर्जून सांगते. समोर मुलाखत घेणारं माणूस नसतं, तेव्हा त्याचं थोडं काम फॉर्मवर सोपवा. घरी जाऊन विचारताना कुणी ‘रोज १८ तास अभ्यास’ म्हणालं, तर आपण लगेच विचारतो, ‘मग झोपता कधी?’ फॉर्म मुकाट्याने १८ नोंदवतो.

आमच्या एका सर्वेक्षणात विद्यार्थ्यांचा दिवस कसा जातो ते हवं होतं: कॉलेज, प्रवास, घरकाम, मोबाइल, झोप. पायलटमध्ये, म्हणजे आधीच्या छोट्या चाचणीत, बऱ्याच जणांची बेरीज २४ च्या पुढे गेली. मग रकान्यांखाली चालू बेरीज दाखवली: ‘आतापर्यंत १९ तास, उरले ५’. आकडा जास्त झाला तर लाल अक्षरांत दटावणी नाही, ‘बेरीज २६ होतेय, एकदा बघाल का?’ एवढंच. लोक खरंच मागे जाऊन आकडे तपासायचे. तरीही पुढे जायची मुभा ठेवलीच. बसमध्ये बसून मोबाइल बघणाऱ्याचे दोन्ही तास खरे असतात. सक्ती केली की तो जुळवाजुळव करतो. कोबोटूलबॉक्स या सर्वेक्षणाचे फॉर्म बनवायच्या साधनात अशी बेरीज ‘कॅल्क्युलेट’ने काढून ‘नोट’मध्ये, म्हणजे फक्त वाचायच्या ओळीत, दाखवता येते. ‘कन्स्ट्रेंट’, म्हणजे उत्तरावर अट, लावलात तर मात्र माणूस तिथेच अडतो. गूगल फॉर्म्समध्ये चालू बेरजेची सोय नाही, पण उत्तरानुसार पुढच्या विभागात नेता येतं. तेवढंही नवख्याला पुष्कळ.

दुसरी अडचण घाईची. सर्वेक्षण-पद्धतींचे अभ्यासक फ्रेडरिक कॉनरॅड, मिक कूपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेले प्रयोग २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. प्रश्न वाचायलाही पुरणार नाही इतक्या वेगात उत्तर आलं की लगेच सौम्य सूचना दिसायची. त्याने घाई कमी झाली. एका प्रयोगात ग्रिडमध्ये (एकाखाली एक प्रश्न आणि सगळ्यांना तेच पर्याय असलेला तक्ता) एकाच रकान्यावर सरसकट टिक करत जाणंही घटलं. सूचनेत आरोपाचा सूर नको, हे मात्र पक्कं लक्षात ठेवा. ‘तुम्ही नीट वाचलं नाही’ असं वाचून माणूस फॉर्म बंद करतो, आणि त्यात त्याचं काही चुकत नाही.

स्लायडर, म्हणजे पट्टीवर खुंटी सरकवून उत्तर द्यायची सोय, शक्यतो टाळा. खुंटी आधीच मध्यावर असेल, तर ठरवून मध्य निवडलेला आणि हातच न लावलेला, यांत फरक कळत नाही. मोठी ग्रिड फोनवर एकेक प्रश्न करून दाखवा.

पायलट साध्या, छोट्या स्क्रीनच्या फोनवर करा आणि कुठली सूचना कुठल्या प्रश्नावर येतेय ते टिपून ठेवा. एकाच प्रश्नावर ती वारंवार येत असेल, तर आधी त्या प्रश्नाची भाषा बदलून बघा.