संचकार देण्याआधी सिबिल उघडा

कोल्हापुरात उजळाईवाडी, कळंबा, उचगाव, कुठंही फ्लॅट बघायला जा, बिल्डरचा माणूस चहा पाजून लगेच विचारतो, "मग संचकार कधी?" म्हणजे व्यवहार पक्का करायची आगाऊ रक्कम. द्या की, पण त्याआधी स्वतःचा सिबिल रिपोर्ट, म्हणजे आजवर कर्ज कसं फेडलं त्याचा उतारा, काढा. संचकारपत्रात मुदत घातलेली असते आणि बँकेनं कर्ज नाकारलं म्हणून ती मुदत थांबत नाही. मी सहकारी बँकेच्या कर्ज विभागातून निवृत्त झाले. आता शाहूपुरीत घरीच लोकांच्या कर्जाच्या फायली करून देते. सिबिल बिघडलेलं असेल तर मी आधी एवढंच सांगते, घर वर्षभर लांबवा. मग पुढची दहा मिनिटं समोरची माणसं माझ्यावर रुसतात.

रिपोर्ट देणाऱ्या कंपन्या चार आहेत: ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क. प्रत्येकीनं वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. चारही काढा, कारण एकीत नसलेली नोंद दुसरीत सापडते. आपला रिपोर्ट आपणच बघितला तर स्कोअर, म्हणजे कर्जफेडीचे गुण, घसरत नाही. पाच बँकांत एकदम अर्ज टाकले तर मात्र पाच चौकशा नोंदवल्या जातात आणि हा माणूस पैशासाठी फिरतोय असं दिसतं.

स्कोअर ३०० ते ९०० मध्ये असतो, ७५० च्या पुढं असेल तर बँकवाले नीट बोलतात. पण माझ्याकडं आलेल्याला मी तो आकडा झाकून खालची खाती वाचायला लावते. प्रत्येक कर्जाखाली ३६ महिन्यांच्या चौकटी असतात. ००० म्हणजे हप्ता वेळेत, ०३० म्हणजे तीस दिवस उशीर. नव्वद दिवसांच्या पुढं गेलं की खातं एनपीए, म्हणजे बँकेच्या लेखी थकीत कर्ज. उद्यमनगरात लेथ चालवणारा एक जण आला होता. धंद्याचं मोठं कर्ज चोख फेडलेलं, आणि अडकला होता हप्त्यावर घेतलेल्या मोबाईलच्या शेवटच्या हप्त्यात. जुना नंबर बंद, खातं बदललेलं, त्याला पत्ताच नव्हता. अशा बारक्या थकबाक्या आधी भरा.

'सेटल्ड' हा शेरा सगळ्यात फसवा. वसुलीचा माणूस म्हणतो, ऐंशी हजारांतले चाळीस भरा, विषय संपला. तुमच्यापुरता संपतो, पण बँकेच्या लेखी तुम्ही कर्ज पूर्ण फेडलेलं नाही. असा शेरा असेल तर त्या बँकेकडं लेखी अर्ज करा: उरलेली रक्कम भरतो, खातं 'क्लोज्ड' दाखवा. होकाराचं पत्र हातात आल्याशिवाय रुपया देऊ नका. पैसे कर्जखात्यातच भरा, वसुलीवाल्याच्या हातात नाही. बँकेनं ते कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं असेल तर पत्र त्या कंपनीचं लागतं. शेवटी बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नाही असं पत्र, घ्या आणि लॅमिनेशन न करता जपून ठेवा. लॅमिनेशनचं आपल्याकडं भलतंच वेड आहे, मग त्यावर शिक्का मारता येत नाही.

आता आपल्या भागाचं खास दुखणं, जामीन. मेव्हण्याचा ट्रॅक्टर, तालमीतल्या दोस्ताचं दुकान, सही मागितली की आपण नाही म्हणत नाही. ते कर्ज जामीनदाराच्या रिपोर्टातही येतं आणि थकलं की डाग दोघांना लागतो. जामीन काढून घ्यायला बँकेची मान्यता लागते, बहुतेक वेळा बदली जामीनदार द्यावा लागतो. ते जमत नसेल तर थकीत हप्ता तुम्हीच भरून टाका आणि नात्याचा हिशेब नंतर घरात बसून करा. मेव्हणा ऊस बिल आलं की भरतो म्हणेल, पण साखर कारखान्याचं बिल आणि हप्त्याची तारीख यांची गाठ क्वचितच पडते.

नोंदच चुकीची असेल, म्हणजे फेडलेलं कर्ज चालू दिसतंय किंवा नावासारखं नाव असलेल्या दुसऱ्याचं खातं तुमच्यात घुसलंय, तर ज्या कंपनीच्या रिपोर्टात ती चूक आहे तिच्याच साइटवर तक्रार टाका. पैसे लागत नाहीत. दाखला जोडा आणि कर्ज देणाऱ्या बँकेलाही प्रत द्या, कारण तिनं कळवल्याशिवाय नोंद बदलत नाही. ३० दिवसांत निकाल लागला नाही तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. तरीही कुणी दाद देत नसेल तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. 'सिबिल वाढवून मिळेल' असे बोर्ड लावणारे याहून वेगळं काही करत नाहीत, फक्त फी घेतात.

डाग पुसून झाले की वर्षभर वळण लावायचं. काहीच कर्ज चालू नसेल तर मुदत ठेवीवर मिळणारं क्रेडिट कार्ड घ्या. पन्नास हजारांची मर्यादा असेल तर पंधरा हजारांच्या आत वापरा आणि पूर्ण बिल भरा. 'किमान रक्कम' हा रकाना बघूच नका. जुनं चांगलं कार्ड बंद करू नका, त्याचा इतिहास कामाला येतो. जानेवारी २०२५ पासून बँकांना महिन्याऐवजी निदान पंधरवड्याला या कंपन्यांना माहिती कळवावी लागते, त्यामुळं सुधारणा पूर्वीपेक्षा लवकर दिसते.

मग एकाच बँकेत जा. सहकर्जदार म्हणून बायकोचं नाव लावणार असाल तर तिचाही रिपोर्ट आधी काढा. जुन्या थकबाकीचं कारण दाखल्यांसह एका पानावर लिहून फायलीत वरच लावा, मॅनेजरनं विचारायची वाट बघू नका. मंजुरीपत्र आलं तरी पैसे सुटेपर्यंत नवं कर्ज नको. पैसे सोडायच्या आधी बँक पुन्हा एकदा रिपोर्ट बघू शकते. वास्तुशांतीसाठीचा फ्रीज हप्त्यावर घ्यायचाच असेल तर तो पैसे सुटल्यावर घ्या.