ख्रिस्तातील मोकळीक आणि आपले शरीर: निर्णय कसा घ्यावा

ख्रिस्ताने आपल्याला मोकळे केले आहे, मग अमुक गोष्ट केली तर काय बिघडले, हा प्रश्न मंडळीत पुन्हा पुन्हा विचारला जातो. कधी तो मद्य किंवा तंबाखूविषयी असतो, कधी करमणुकीविषयी, कधी लैंगिक संबंधांविषयी, तर कधी रात्री उशिरापर्यंत हातातून न सुटणाऱ्या मोबाईलविषयी. प्रश्न बहुधा प्रामाणिक असतो. परंतु ‘चालते का’ एवढेच विचारले की उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ यांतच अडकते, आणि शास्त्रवचन ज्या दिशेने आपल्याला नेऊ पाहते ती दिशा नजरेआड होते. म्हणून निर्णय घेण्यापूर्वी प्रश्न दुरुस्त करणे हे पहिले काम आहे.

त्यासाठी नव्या करारातील करिंथकरांस पहिल्या पत्राच्या सहाव्या अध्यायातील 12 ते 20 ही नऊ वचने एका बैठकीत, शक्य असल्यास मोठ्याने, वाचावीत. करिंथ हे दोन बंदरांचे व्यापारी शहर होते. रोमी सैन्याने इसवी सन पूर्व 146 मध्ये ते उद्ध्वस्त केले होते आणि ज्यूलियस सीझरने इसवी सन पूर्व 44 मध्ये ते पुन्हा वसवले. तेथे प्रेषित पौल दीड वर्ष राहिला होता आणि पुढे इफिसातून त्याने हे पत्र लिहिले, त्यामुळे तो आपल्या माणसांशी बोलत आहे हे वाचताना ध्यानात ठेवावे. ‘सर्व गोष्टींची मला मोकळीक आहे’ हे वाक्य बाराव्या वचनात दोनदा येते आणि पुढे दहाव्या अध्यायाच्या 23व्या वचनातही दोनदा येते. ही करिंथकरांच्याच तोंडची घोषणा असावी, असे बहुतेक अभ्यासक मानतात. पौल ती खोडून काढत नाही, पण प्रत्येक वेळी तिच्यापुढे एक ‘परंतु’ जोडतो. हे लक्षात न घेता केवळ घोषणा पाठ करणारा माणूस पौलाच्या नव्हे, तर पौलाने ज्यांना सावरले त्यांच्या बाजूला उभा राहतो.

पहिला ‘परंतु’ हिताचा आहे. ही गोष्ट माझ्या शरीराला, मनाला आणि प्रार्थनेच्या जीवनाला खरोखर उपयोगी पडते काय, हे विचारावे. याचे उत्तर बहुधा लवकर सापडते.

दुसरा ‘परंतु’ ताब्याचा आहे आणि त्याच्यापाशी मात्र थांबावे लागते. मूळ ग्रीक वाक्यात मोकळीक आणि ताबा या दोन्हींसाठी एकाच धातूपासून आलेले शब्द आहेत. सर्व काही माझ्या अधिकारात आहे, पण मी कशाच्याही अधिकाराखाली जाणार नाही, असा त्याचा रोख आहे. अमुक गोष्ट मी करू शकतो, हे सिद्ध करायला वाद घालावा लागत नाही. ती मी सोडू शकतो की नाही, हे मात्र सोडून पाहिल्यावाचून कळत नाही. म्हणून ज्या सवयीविषयी शंका आहे तिच्यापासून ठराविक काळ, उदाहरणार्थ दोन आठवडे, दूर राहून पाहावे. मुदत आधीच ठरवावी आणि विश्वासातील एका व्यक्तीला सांगून ठेवावी. ज्या ज्या वेळी त्या गोष्टीची ओढ लागेल, त्या वेळी मन कोणती कारणे पुढे करते ते लिहून ठेवावे. ‘आजच्या दिवसापुरते’, ‘आज फार दमलो आहे’, ‘मी काही कुणाचा गुलाम नाही’ ही वाक्ये वहीत वारंवार दिसू लागली, तर ताबा कोणाचा आहे हे आपल्याच अक्षरात समोर येते. एक सावधगिरी येथे आवश्यक आहे: दीर्घकाळ रोज मद्य घेणाऱ्याने ते एकाएकी बंद केल्यास झटके येण्यापर्यंतचा धोका असतो, म्हणून अशा व्यक्तीने डॉक्टरांच्या देखरेखीखालीच ते सोडावे. औषधोपचार घेणे हे अविश्वासाचे लक्षण आहे असे कोणी म्हणत असेल, तर पौलाने आपला तरुण सहकारी तीमथ्य याला पोटाच्या दुखण्यासाठी दिलेला सल्ला त्याने वाचावा.

यानंतर मालकीचा प्रश्न येतो, आणि सबंध उताऱ्याचा भार त्याच्यावर आहे. करिंथकर अन्न आणि पोट यांच्या नाशवंतपणाचा दाखला देत असत. जे नष्टच व्हायचे आहे त्याचे काय एवढे, असा त्यांचा सूर होता. पौलाचे उत्तर असे की शरीर प्रभूसाठी आहे आणि प्रभू शरीरासाठी आहे, आणि ज्या देवाने प्रभूला उठवले तो आपल्यालाही उठवील. ज्याचे पुनरुत्थान व्हायचे आहे ते शरीर आत्म्यावरचे टाकाऊ वेष्टन असू शकत नाही. शरीराला मंदिर म्हणताना पौलाने जो शब्द योजला आहे, तो अंगणासह सगळ्या आवाराचा नसून आतल्या पवित्र वास्तूचा आहे. लगेच तो मोलाने विकत घेतल्याची भाषा वापरतो. माणसांची खरेदी-विक्री जेथे डोळ्यांसमोर होत असे, त्या जगातील वाचकांना तिचा अर्थ सांगावा लागला नसेल. येथे मोल म्हणजे वधस्तंभावर अर्पण केलेला प्राण आहे. तेव्हा ‘चालते का’ याच्या जागी ‘ज्याचे हे शरीर आहे, त्याला या कृतीत सोबत घेता येईल का’ असे विचारावे.

लैंगिक पापाविषयी पौल वादविवाद सुचवत नाही. तो पळ काढायला सांगतो. मालक पोटीफर याच्या पत्नीने गळ घातली तेव्हा योसेफाने नेमके हेच केले आणि त्यासाठी आपले वस्त्रही मागे सोडले. व्यवहारात याचा अर्थ असा की मोह समोर आल्यावर निश्चय करण्याऐवजी तो आधीच करावा: कोणत्या ठिकाणी एकटे थांबायचे नाही, कोणत्या वेळी फोन दुसऱ्या खोलीत ठेवायचा, कोणते संभाषण पहिल्याच वाक्याला संपवायचे. अविवाहितांइतकेच हे विवाहितांनाही लागू आहे. येथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. ज्याच्या किंवा जिच्या शरीरावर इतर कोणी अत्याचार केला, त्या व्यक्तीवर या वचनांचा कोणताही दोष येत नाही. पाप करणाऱ्याचे आहे, आणि सोसणाऱ्याचे मंदिर अपवित्र झालेले नाही. मंडळीत हे पुरेशा मोठ्या आवाजात बोलले जात नाही, याचे मला दुःख वाटते.

आपली मोकळीक दुसऱ्याला अडखळण होते का, हेही पाहावे. याच पत्राच्या आठव्या अध्यायातील मूर्तींना वाहिलेल्या मांसाचा प्रश्न त्यासाठीच आहे. मात्र दुसऱ्याची नाराजी आणि दुसऱ्याचे अडखळणे यांत फरक करावा. आपल्यामुळे एखादा स्वतःच्या विवेकाविरुद्ध वागायला प्रवृत्त होत असेल, तरच ती अडखळण होय.

शरीराने देवाचे गौरव करणे म्हणजे केवळ वर्ज्य गोष्टींची यादी पाळणे, असा समज झाला तर कलस्सैकरांस पत्राचा दुसरा अध्याय उघडावा. शरीराला दिलेल्या निव्वळ छळाला तेथे काहीही किंमत दिलेली नाही. थकून मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला देवदूताने आधी झोपू दिले आणि खाऊ घातले, तेही दोनदा. पुरेशी झोप, वेळेवर उपचार, झेपेल इतके श्रम, आजाऱ्याची सेवा करणारे हात, हे सर्व या गौरवातच येते. आजारी, वृद्ध किंवा अपंग शरीरही तितकेच मंदिर आहे, कारण त्याचे पावित्र्य त्याच्या बळावर ठरत नाही. ते आत वसणाऱ्यावर ठरते.

रोज सकाळी उठल्यावर रोमकरांस पत्राच्या सहाव्या अध्यायातील 13वे वचन प्रार्थनेत घ्यावे आणि डोळे, जीभ, हात, पाय यांचा एकेक उल्लेख करून ते त्या दिवसापुरते देवाला सोपवावेत. एखाद्या दिवशी पडणे झाले, तर त्याच दिवशी देवापुढे ते नाव घेऊन कबूल करावे, ज्या व्यक्तीला आधी सांगून ठेवले होते तिलाही कळवावे, आणि दुसऱ्या दिवसाची प्रार्थना त्याच अवयवापासून सुरू करावी.