तंबाखू नियंत्रणासाठी आफ्रिकी देशांची एकजूट: सुरुवात करापासून करावी

आफ्रिकेतील शेजारी देशांना तंबाखू नियंत्रणासाठी एकत्र आणायचे असेल, तर घोषणापत्रापेक्षा कराच्या दरापासून सुरुवात करणे अधिक शहाणपणाचे ठरते. एका देशाने सिगारेटवरील कर वाढवला आणि शेजाऱ्याने तो कमीच ठेवला, की तस्करीला वाव मिळतो. तंबाखू कंपन्या याच भीतीचे भांडवल करून अर्थमंत्र्यांना करवाढीपासून परावृत्त करतात. त्यामुळे पहिल्याच बैठकीत आरोग्य खात्याबरोबर अर्थ आणि सीमाशुल्क खात्यांचे अधिकारी असायलाच हवेत.

नवी संघटना उभारण्यात वेळ न घालवता अस्तित्वातील आर्थिक संघाचा आधार घ्यावा. पश्चिम आफ्रिकेतील ‘इकोवास’ या संघाने डिसेंबर २०१७ मध्ये काढलेला निर्देश यासाठी चांगला नमुना आहे. त्यात किमान ५० टक्के मूल्याधारित कर आणि त्याखेरीज प्रत्येक सिगारेटमागे किमान ०.०२ अमेरिकी डॉलर, म्हणजे वीसच्या पाकिटामागे ४० सेंट, असा दुहेरी कर सांगितला आहे. वाटाघाटीत नगावरचा कर सोडू नये, कारण किंमत कमी दाखवून मूल्याधारित कर घटवता येतो, नगावरचा नाही. मात्र महागाईने त्याची धार बोथट होते; म्हणून दरवर्षी फेरआढावा घेण्याचे कलम मसुद्यातच घालावे.

असा निर्देश प्रत्येक देशाच्या कायद्यात उतरेपर्यंत कागदावरच राहतो, तेव्हा अंमलबजावणीची मुदत लिहून घ्यावी. सदस्यत्वही कायमचे धरू नये: माली, बुर्किना फासो आणि नायजर हे देश जानेवारी २०२५ मध्ये इकोवासमधून बाहेर पडले, पण पश्चिम आफ्रिकी आर्थिक व चलन संघात राहिले. त्या संघाचेही तंबाखू कराचे नियम आहेत, आणि दोन्हींचा मेळ घालणे आता अधिकच निकडीचे झाले आहे.

तस्करीच्या मुद्द्याला उत्तर म्हणून २०१८ पासून अमलात असलेल्या अवैध तंबाखू व्यापारविरोधी प्रोटोकॉलमध्ये सहभागी व्हावे आणि पाकिटांचा माग ठेवणारी यंत्रणा उभारावी. ती कंपन्यांच्या हाती सोपवू नये. धोरण ठरवताना त्यांचा हस्तक्षेप रोखण्याचे बंधन जागतिक तंबाखू नियंत्रण कराराच्या कलम ५.३ मध्ये आहेच.

दक्षिणेकडे हाच क्रम जसाच्या तसा चालणार नाही. तंबाखूच्या निर्यातीवर अर्थव्यवस्था उभी असलेला मलावी या करारात २०२३ मध्येच सामील झाला. तेथे कराच्या चर्चेबरोबरच शेतकऱ्यांच्या पर्यायी पिकांसाठी कर्ज आणि खरेदीची हमी यांवर बोलावे लागेल.